परसातली झिपलाइन: किट मागवण्याआधी टेप आणि ओळंबा

झिपलाइन म्हणजे उतरत्या ताणलेल्या केबलवरून, चाकांच्या ट्रॉलीला लटकून घसरत जायचा खेळ. तिच्या किटच्या पेटीवर ठळक अक्षरांत दोनच गोष्टी छापलेल्या असतात: केबल किती फुटांची आणि माणूस किती किलोपर्यंत चालतो. या दोन आकड्यांवर किट निवडलं तर ते हमखास चुकतं. केबल कशाला बांधायची, दोन टोकांत किती अंतर, किती उतार आणि खाली माती कोणती, हे पेटीवर लिहिलेलं नसतं. विदर्भातल्या काळ्या मातीत तर शेवटचा प्रश्न सगळ्यांत महागात पडतो. म्हणून आम्ही सुरुवात टेप, ओळंबा आणि मिस्त्रीकडची पारदर्शक पाणनळी यांनी केली. किट मागवलं ते सर्वांत शेवटी.

खेड्यातल्या घरामागे जागेची चणचण नसते, अडचणी मात्र वेगळ्या असतात. पहिली अडचण वीज. घरावर येणारी सर्व्हिस वायर, शेतपंपाची लाइन, वावरातून गेलेली ११ केव्हीची तार यांपैकी काहीही झिपलाइनच्या रेषेवर किंवा तिच्या जवळपास असेल तर ती जागा सोडून द्यायची. केबल ताणताना सुटली तर ती चाबकासारखी उसळते, आणि लोखंडी केबल विजेच्या तारेला लागली की पुढे काय होतं ते सांगायला नको. दुसरी अडचण विहीर. विहिरीतून काढलेल्या मुरमाचा ढीग हा अख्ख्या सपाट आवारातला एकमेव उंचवटा असतो, त्यामुळे 'इथूनच सुरुवात करू, मचाण बांधायचं वाचेल' असं प्रत्येकाला वाटतं. तो ढीग विहिरीला चिकटून असतो, त्यावर मुलांची रांग लागणार असते आणि बऱ्याच विहिरींना धड कठडाही नसतो. तिसरी अडचण वाट. कोठ्यातली जनावरं, बैलबंडी, डोक्यावर भारा घेतलेलं माणूस यांची रोजची ये-जा रेषेखालून नको. रेषेच्या दोन्ही बाजूंना किमान दोन मीटर मोकळी जागा हवी. कुंपणाची काटेरी तार, जळणाच्या पऱ्हाटीचा ढीग, दगडी धुरा (बांध) यांतलं काहीही त्या पट्ट्यात नको.

हे सगळं वगळल्यावर आमच्याकडे घरामागच्या कडूनिंबापासून मागच्या कुंपणाच्या अलीकडे ३० मीटर सरळ रेषा उरली. या टोकाला झाड होतं, त्या टोकाला काहीच नव्हतं. पुढचा सगळा हिशेब या ३० मीटरचा आहे. तुमचं अंतर वेगळं असेल तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

आधी झाडाचं पाहू. केबल जिथे बांधायची त्या उंचीवर खोडाचा घेर किमान ९५ सेंटिमीटर हवा, म्हणजे जाडी साधारण ३० सेंटिमीटर येते. जमिनीलगतचा घेर मोजून उपयोग नाही, कारण निंब चार मीटरवर बराच बारीक झालेला असतो किंवा त्याला फांद्या फुटलेल्या असतात. कडूनिंब, चिंच, जुनं जांभूळ, ऐन, वाढलेला साग ही झाडं चालतात. शेवगा, पांगारा, सावर, सुबाभूळ यांना हातही लावू नये, यांचं लाकूड ठिसूळ किंवा हलकं असतं. गुलमोहर वरून डेरेदार दिसतो, पण वादळात उन्मळून पडणाऱ्या झाडांत तो पुढे असतो. आंब्याचं खोड जाड असलं तरी जुन्या आंब्यात आतून पोकळी असू शकते. मोहाच्या झाडाला बोल्ट मारायला कोणी तयार होत नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण त्या झाडाची फुलं आणि टोळी (बिया) घर चालवतात. निवडलेल्या खोडावर हातोड्याच्या दांड्याने चारी बाजूंनी ठोकून पाहावं. भरीव आवाज एका जागी ढबढबीत झाला तर आत पोकळी आहे. बुंध्याशी अळंबी उगवलेली असेल, सालीवर वाळवीची मातीची नळी चढलेली असेल, तर तिथेच थांबायचं.

आता उतार. किटबरोबरच्या पुस्तिकांत साधारण ३ ते ६ टक्के उतार ठेवा असं लिहिलेलं असतं. घरच्या, मुलांच्या झिपलाइनला आम्ही ३ टक्क्यांच्या वर जाणार नाही. ३० मीटरला ३ टक्के म्हणजे दोन टोकांच्या उंचीत ९० सेंटिमीटर फरक. हा फरक पाणनळीने मोजायचा. नजरेला सपाट वाटणाऱ्या काळ्या वावरातही ३० मीटरमध्ये फूट-दीड फूट उतार सहज निघतो. तो आपल्या बाजूने असेल तर मचाणाची उंची तेवढी कमी होते, उलट असेल तर तेवढी वाढते.

उतारापेक्षा जास्त घोटाळा होतो तो झोळाचा, म्हणजे केबल मधे जितकी खाली लोंबते त्याचा. रिकाम्या केबलला मधोमध जो झोळ असतो तो माणूस बसल्यावर जवळपास दुप्पट होतो, कारण केबल थोडी लांबते आणि ढिली जागा मधे गोळा होते. ३० मीटरला रिकामा झोळ ६० सेंटिमीटर ठेवला आणि ८० किलोचा माणूस मधोमध आला की झोळ १.२ मीटरच्या आसपास जातो. ९० सेंटिमीटरच्या उतारात हा झोळ मिळवला की सर्वांत खालचा बिंदू सुरुवातीपासून सुमारे १८ मीटरवर येतो आणि तो सुरुवातीच्या टोकापेक्षा १.७ मीटर खाली असतो. तिथून पुढे माणूस चढावर जातो आणि त्याचा वेग आपोआप कमी होतो. ब्रेकचं निम्मं काम इथेच होतं. घर्षण सोडलं तर खालच्या बिंदूवरचा वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास आणि शेवटच्या टोकाशी १५ च्या आसपास भरतो, प्रत्यक्षात तो याहून कमी असतो. उतार ६ टक्के केला तर तोच शेवटचा वेग ताशी २१ किलोमीटरवर जातो. हा फरक फक्त आकड्यांचा वाटेल, पण ब्रेकवर आदळणारी ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे उतार दुप्पट तर धक्काही दुप्पट.

उंचीचा हिशेब खालच्या बिंदूपासून वर करायचा. बैठक केबलच्या १.३ मीटर खाली लोंबते, लोंबकळणारे पाय आणखी ४५ सेंटिमीटर, आणि पायाखाली मोकळं अंतर ४५ सेंटिमीटर. म्हणजे माणूस बसलेला असताना खालच्या बिंदूवर केबल जमिनीपासून २.२ मीटर हवी. त्यात १.७ मिळवले की सुरुवातीचं टोक ३.९ मीटरवर आणि शेवटचं ३ मीटरवर येतं. सुरुवातीला उभं राहायचं मचाण साधारण १.८ मीटर उंच होतं. मचाणाला तिन्ही बाजूंनी एक मीटर उंचीचा कठडा आणि पक्की शिडी, यात काटकसर नको. घरच्या झिपलाइनवर मचाणावरून पडण्याची भीती केबलवरून पडण्याइतकीच असते.

किटची निवड खरी ठरते ती ताणावर. सूत्र सोपं आहे: माणसाच्या वजनाला अंतराने गुणायचं आणि भरलेल्या झोळाच्या चौपटीने भागायचं. ८० किलो गुणिले ३० मीटर, भागिले ४ गुणिले १.२ मीटर. उत्तर येतं ५०० किलो. ८० किलोचा माणूस बसला की प्रत्येक टोक ५०० किलोने आडवं ओढलं जातं. केबल आणखी कसून भरलेला झोळ ९० सेंटिमीटरवर आणला तर हा आकडा ६६० च्या वर जातो, ६० सेंटिमीटरवर आणला तर १,००० किलो. 'केबल वीणेच्या तारेसारखी ताठ हवी' असं म्हणणारा मदतनीस प्रत्येक ठिकाणी एक तरी भेटतो. त्याला हे गणित मातीत काडीने लिहून दाखवावं.

केबल निदान पाचपट ताकदीची धरावी. अडीच टन ताकद हवी म्हणजे काय, ते आता पेटीवर पाहा. स्वस्त किटमध्ये बहुतेक वेळा ३/१६ इंची, म्हणजे ४.८ मिलिमीटरची केबल असते. जस्त चढवलेल्या ७ बाय १९ विणीची (सात पेड, प्रत्येक पेडात १९ तारा) अशी केबल तुटायला सुमारे १,९०० किलो लागतात. १/४ इंची, म्हणजे ६.४ मिलिमीटरला सुमारे ३,१७५ किलो. यातून क्लॅम्पच्या, म्हणजे केबलचं वळवलेलं टोक आवळून धरणाऱ्या पकडीच्या, जागी होणारी घट वजा करायची. यू-क्लॅम्प नीट बसवले तरी केबलची ८० टक्केच ताकद हाती लागते. म्हणजे ४.८ मिलिमीटरला १,५०० च्या आसपास आणि ६.४ ला २,५४०. पहिली आपल्या हिशेबात बसत नाही, दुसरी बसते. ४.८ ची केबल १५ मीटरच्या आत, फक्त लहान मुलांसाठी ठीक आहे, पण घरी झिपलाइन लागली की मोठे बसत नाहीत असं होत नाही. ३/८ इंची केबल या अंतराला नको. ती जड असते, वळवताना त्रास देते, आणि तिच्या मापाच्या ट्रॉल्या घरगुती किटमध्ये सहसा येत नाहीत.

वीण ७ बाय ७ आहे की ७ बाय १९, हे विचारून घ्या. ७ बाय १९ लवचीक असते, झाडाभोवती आणि थिंबलवर (केबलच्या वळणात बसवायची खाचेची धातूची कडी) नीट वळते. ७ बाय ७ घासायला टिकाऊ, पण कडक. दोन्ही चालतात. प्लॅस्टिकचं आवरण चढवलेली केबल मात्र नको. आत गंज चढतो तो दिसत नाही, आणि ट्रॉलीच्या चाकाखाली आवरण फाटून गोळा होतं.

विहीर खणायच्या यारीवरचा जुना वायर रोप फुकट मिळतो म्हणून तो वापरायची कल्पना गावोगाव निघते. तो वापरू नका. यारीच्या ड्रमवर वर्षानुवर्षं गुंडाळून त्याला कायमची वळणं पडलेली असतात, आतला तागाचा गाभा पाणी धरून बसतो, आणि वरून ग्रीसने चकाकणाऱ्या रोपाच्या आतल्या तारा गंजून तुटलेल्या असतात. नवा वायर रोप नागपूर, अमरावती, अकोल्याच्या हार्डवेअर बाजारात मीटरवर मिळतो. तो घ्यायचा तर गॅल्व्हनाइज्ड आणि लोखंडी गाभ्याचाच घ्यावा, आणि ट्रॉलीची खाच त्या जाडीची आहे याची खात्री करावी. ६.४ साठी कापलेल्या खाचेत ८ मिलिमीटरचा रोप बसत नाही, कडांवर चढतो.

लांबीबाबत बहुतेकांची फसगत होते. १०० फुटी किटमध्ये ३०.५ मीटर केबल असते आणि आपलं अंतर ३० मीटर, म्हणजे पुरेल असं वाटतं. पण शेवटच्या खांबाभोवतीचा वेढा, थिंबलवरून परत वळवलेलं टोक आणि ताणताना पुलरच्या (केबल ओढायचं हत्यार) जबड्यात धरायला लागणारं मीटर-दीड मीटर, हे मोजलं की साडेतेहेतीस मीटर लागते. १०० फुटी किट २७ मीटरपर्यंतच वापरावं. आम्ही १२० फुटी घेतलं. उरलेलं टोक कापू नका, गुंडाळून बांधून ठेवा. क्लॅम्पखालचा भाग एखाद्या वर्षी दबून खराब झाला तर केबल पुढे सरकवून नव्या जागी क्लॅम्प लावता येतो.

पेटीतल्या बाकी वस्तूंमध्ये ट्रॉलीकडे सर्वांत जास्त वेळ द्यावा. दोन चाकं हवीत, चाकं स्टीलची आणि बेअरिंग झाकलेलं. आपल्याकडे फेब्रुवारीपासून मृगापर्यंत हवेत काळ्या मातीची धूळ असते, उघडं बेअरिंग एका उन्हाळ्यात करकरायला लागतं. नायलॉनची चाकं सुरुवातीला बिनआवाजी धावतात, पण उन्हात तापलेल्या केबलवर त्यांना खाच पडत जाते. ट्रॉलीच्या पाट्या चाकांच्या खालपर्यंत आलेल्या हव्यात, म्हणजे बोट चाकाखाली जात नाही. गावच्या वेल्डिंगवाल्याकडून ट्रॅक्टरचं बेअरिंग लावून ट्रॉली बनवून घेण्याच्या फंदात पडू नये. कारागीर हुशार असतो, पण त्या बेअरिंगला केबलच्या मापाची खाच नसते आणि वेल्डिंगचा एक सांधा सगळं वजन पेलत असतो.

ट्रॉलीला बैठक अडकवायचा कॅराबिनर स्टीलचा, आटे फिरवून बंद होणारा हवा आणि त्यावर किलोन्यूटनमध्ये (ताकदीचं माप) आकडा कोरलेला हवा. २२ किंवा जास्त असेल तर उत्तम. आकडाच नसेल तर तो किल्ल्या अडकवायचा समजावा आणि बदलावा.

दांडा धरून लोंबकळायची किटं दिसायला साधी असतात, पण घामाने हात निसटतो, आणि मे महिन्याच्या दुपारी लोखंडी दांडा हातात धरवत नाही. मुलांसाठी गोल बैठक आणि वर दोर, किंवा त्याहून चांगलं म्हणजे कमरेचा हार्नेस. हार्नेस असला की हात सुटले तरी मूल खाली येत नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला एकट्याने बसवू नये.

बैठकीला मागे ओढून आणायची दोरी बांधतात. हलकं मूल चढाचा टप्पा पार करण्याआधीच थांबतं आणि उलटं घरंगळत झोळात येऊन अडकतं, त्यामुळे दोरी लागतेच. ती ट्रॉलीला बांधा, बैठकीला नको, आणि खेळ संपला की काढून घ्या. लोंबती दोरी मुलांच्या गळ्याशी येते. त्याच कारणाने ओढणी, गळ्यातला धागा, टोपीचा बंद हे सगळं आधी काढायचं. हेल्मेटही फक्त बसताना घालायचं, घालून इकडेतिकडे झाडावर चढायचं नाही.

आता खांब. आमचा सर्वांत जास्त वेळ इथे गेला, आणि विदर्भात तो तसा जायलाच हवा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तीन फुटांचा खड्डा करून ठोकलेला खांब पहिल्या पावसाळ्यानंतर केबलच्या बाजूला झुकतोच, मग तो कितीही जाड असो. काँक्रीटला धरून ठेवणारी मातीच दरवर्षी त्याच्यापासून सुटते. म्हणून खड्डा मुरमापर्यंत गेला पाहिजे. आमच्याकडे मुरूम जवळपास चार फुटांवर लागला, म्हणून खड्डा दीड मीटर केला. नदीकाठच्या खोल काळीत मुरूम लवकर लागत नाही. अशा जमिनीत घरांचे पायेसुद्धा साडेतीन मीटरपर्यंत खाली नेतात, त्यामुळे तिथे खांबाचा विचार सोडून दोन्ही टोकांना झाडं असलेली रेषा शोधणं शहाणपणाचं.

खांबासाठी महावितरणचा भंगारात निघालेला सिमेंटचा पोल चालेल का, हे प्रत्येकजण विचारतो. ८ मीटरच्या सिमेंट पोलची कामाची क्षमता टोकाशी १४० किंवा २०० किलो धरलेली असते. आपला ओढा ५०० किलोचा आहे. उत्तर तिथेच मिळतं. लाकडी बल्ली उधई (वाळवी) लागून जमिनीलगत आतून पोकळ होते. आम्ही १५० मिलिमीटरचा जाड पाइप घेतला, दुकानात त्याला सहा इंची हेवी म्हणतात, आणि त्याला मागून ताणतार दिली. पाइप एकटाही हिशेबात बसतो, पण काळ्या मातीत मागचा ताण नसेल तर झोप लागणार नाही.

खांबाचा खड्डा ६० बाय ६० सेंटिमीटर, खोली १५०. ताणतारेचा ठोकळा खांबामागे तीन मीटरवर, ६० बाय ६० बाय ९० सेंटिमीटर, मुरमात बसवलेला. ४५ अंशांतल्या ताणतारेवर ओढा दीडपटीजवळ जातो, ५०० चे ७०० किलो होतात, आणि ठोकळा ५०० किलोने वर उचलला जातो. घनमीटर काँक्रीट २,४०० किलोचं, म्हणून हा ठोकळा सुमारे ७८० किलो भरतो आणि पुरून उरतो. दोन्ही मिळून १:२:४ मिश्रणाला सिमेंटच्या सहा गोण्या, त्या प्रमाणात रेती आणि २० मिलिमीटरची गिट्टी. खड्ड्याच्या कडेला उरलेल्या जागेत काढलेली काळी माती परत भरू नका, मुरूम भरून सब्बलने ठोका. काँक्रीटचा माथा जमिनीच्या चार बोटं वर आणि बाहेर उतरता ठेवा, नाहीतर पाइपच्या बुडाशी पाणी साचून तिथेच गंज धरतो. उन्हाळ्यात काम करत असाल तर ओल्या पोत्यांनी झाकून किमान चौदा दिवस पाणी, आणि पूर्ण ताण अठ्ठाविसाव्या दिवसानंतर. दहाव्या दिवशीच केबल ताणायची घाई केली तर पाइपभोवती काँक्रीटला केसासारखी चीर जाते, आणि पुढच्या पावसाचं पाणी तिथून आत शिरतं.

निंबाच्या टोकाला केबल थेट खोडाभोवती बांधली तर ती सालीत रुतते आणि झाडाचा अन्नरस खाली जाणं थांबतं. खोड आणि केबलच्या मधे सागाच्या दहा सेंटिमीटर लांबीच्या चिपा उभ्या लावाव्यात, सगळ्या घेरावर, दोनदोन बोटं सोडून. चिपा झाडाला ठोकू नयेत, केबलच त्यांना धरून ठेवते. दरवर्षी पावसाळ्यानंतर वेढा सैल करून जागा बदलायची. दुसरा मार्ग म्हणजे खोडातून आरपार १६ मिलिमीटरचा गॅल्व्हनाइज्ड आय-बोल्ट आणि मागे मोठं वायसर. एक भोक झाड भरून काढतं, पण गळ्याभोवतीचा फास त्याला मारतो. कायमची झिपलाइन असेल तर आमचं मत बोल्टच्या बाजूने आहे.

यू-क्लॅम्प लावताना चूक बहुतेक उलटेपणाची होते. क्लॅम्पची खाचेची बैठक ताण पेलणाऱ्या केबलवर आणि यू आकाराचा बोल्ट परत वळलेल्या मोकळ्या टोकावर. उलट लावला की यू बोल्ट ताणाच्या केबलला चिमटा घेतो आणि नेमकी तिथे ती तुटते. तीन क्लॅम्प लावा, सगळे एकाच दिशेने. दोन क्लॅम्पमधलं अंतर केबलच्या जाडीच्या सहापट, म्हणजे ६.४ ला चार सेंटिमीटर. थिंबलशिवाय वळण देऊ नका. पेटीतले क्लॅम्प ओतीव लोखंडाचे असतील तर घडीव घ्या. नट आवळून झाले की केबलवर क्लॅम्पच्या कडेला रंगाची रेघ ओढून ठेवा. पहिल्या वजनानंतर केबल थोडी बारीक होते, नट ढिले पडतात आणि पुन्हा आवळावे लागतात. रेघ सरकली असेल तर केबल घसरली आहे.

ताण द्यायला केबल पुलर किंवा चेन पुली वापरा. ट्रॅक्टरने ओढू नका, त्याच्या ओढीचा अंदाज हातात राहत नाही. टर्नबकल, म्हणजे फिरवून ताण कमीजास्त करायचा आट्यांचा जोड, शेवटच्या बारीक फरकासाठी आहे. तो दोन्ही बाजूंना बंद कडीचा किंवा पिन असलेला हवा, हुकचा नको. निम्म्यापेक्षा जास्त आटे दोन्हीकडे आत राहिले पाहिजेत, आणि काम झाल्यावर त्यातून तार ओवून गाठ मारायची, म्हणजे कंपनाने तो उलगडत नाही.

ताणायची वेळही ठरवून घ्या. मेच्या दुपारी केबल हात न लावण्याइतकी तापलेली असते, डिसेंबरच्या पहाटे गार पडते, दोन्हीत ५० अंशांचा फरक सहज पडतो. ३० मीटर स्टील तेवढ्याने १८ मिलिमीटर लांबतं. हे किरकोळ वाटतं, पण थंडीत ६० सेंटिमीटर ठेवलेला रिकामा झोळ मे महिन्यात ७५ सेंटिमीटर होतो. टोकांवरच्या ओढ्यात याने मोठा फरक पडत नाही, पण मोठ्या माणसाचे पाय आठ-दहा सेंटिमीटर खाली येतात. म्हणून ताण फेब्रुवारी किंवा नोव्हेंबरच्या सकाळी द्यावा, झोळ मोजून, आणि तारखेसह भिंतीवर लिहून ठेवावा.

मग माणसाऐवजी पोती. रेतीची ५० किलोची दोन पोती बैठकीला घट्ट बांधून केबलच्या मधोमध तासभर लोंबत ठेवली. त्याआधी खांबावर ओळंबा धरून खूण केली होती. पोती उतरवल्यावर ओळंबा खुणेवर परत आला पाहिजे. एखादा सेंटिमीटर पुढे राहिला तर ताणतार आवळायची, दर वेळी थोडा पुढेच राहत असेल तर ठोकळा किंवा पाया सरकतोय आणि झिपलाइन बंद. त्यानंतर पोती मचाणावरून सोडायची, आधी २५ किलो, मग ५०, मग १००. ब्रेकशी काय होतं ते पाहायचं.

ब्रेक किटमध्ये बहुधा स्प्रिंगचा येतो, मीटरभर लांबीचा. ताशी १५ किलोमीटरने आलेलं वजन मीटरभरात थांबतं तेव्हा धक्का सरासरी जवळपास शरीराच्या वजनाएवढा असतो. ट्रॉली थांबते, पण बैठक थांबत नाही. ती पुढे झोका घेते आणि पाय वर उडतात. ब्रेक खांबाला चिकटवून लावला तर ते पाय खांबावर आदळतात. म्हणून स्प्रिंग थांबते तिथपासून खांब तीन मीटर मागे हवा. ब्रेकमागे केबलवर जुना टायर ओवणं हा दुसरा आधार म्हणून चांगला, पण एकटा टायर ब्रेक नव्हे, तो आलेलं वजन उलट फेकतो.

उतरायच्या जागी आणि मचाणाखाली ३० सेंटिमीटर नदीची धुतलेली रेती. कुटार (भुसा) मऊ असतं म्हणून लोक पसरतात, पण ते आठवड्यात दबतं, ओलं झालं की कुजतं, आणि त्यात उंदरांमागे साप येतात. रेषेखालची पऱ्हाटीची आणि तुरीची खुंटं मुळासकट काढायची, नुसती छाटायची नाहीत. छाटलेलं खुंट भाल्यासारखं उभं राहतं.

घरचं सोडून पैसे घेऊन लोकांना बसवायचं असेल, ताडोबा-पेंचच्या वाटेवरच्या कृषी पर्यटनाच्या जागांवर असा विचार होतो, तर घरगुती किट विसरा. तिथे २०२१ च्या राज्याच्या साहसी पर्यटन धोरणाखाली नोंदणी लागते आणि सामानही वेगळ्या दर्जाचं लागतं.

वापर सुरू झाल्यावर दर आठवड्याला केबलवरून जुनं सुती कापड फिरवायचं, उघडा हात नाही. तुटलेली तार कापडात अडकते. क्लॅम्पजवळ किंवा थिंबलवर एक जरी तार तुटलेली दिसली तर तो तुकडा बाद. मधल्या भागात एका पूर्ण पिळाच्या लांबीत सहा तारा, किंवा एकाच पेडात तीन तारा तुटल्या तर अख्खी केबल बदला. ग्रीस थापू नका, त्याला धूळ चिकटून सँडपेपर तयार होतो. कापडाला हलकं तेल लावून पुसलं की पुरे. ढगांचा पहिला गडगडाट ऐकू आला की मुलं खाली. झाडाखाली, लोखंडी केबलला लटकून, उंचावर, वीज पडण्याची याहून वाईट जागा नाही. फोनवर दामिनी ॲप ठेवा, पण गडगडाट झाल्यावर ॲप उघडून बघत बसू नका.

मृगाआधी ट्रॉली, बैठक, कॅराबिनर काढून तेल लावून कोरड्या डब्यात ठेवायचे आणि टर्नबकल चार-पाच फेरे सैल करायचा. पावसाळाभर केबल रिकामी राहू द्यायची. दिवाळीच्या आसपास काळी माती वाळून घट्ट झाली की खांबाला पुन्हा ओळंबा लावायचा, क्लॅम्पच्या रेघा बघायच्या, झोळ मोजून भिंतीवरच्या आकड्याशी ताडायचा, आणि पहिल्यांदा पुन्हा रेतीची पोतीच सोडायची.